चार ओळींची परीक्षा कोण घेणार?

पोस्ट मोठी आहे. पण कांदा, सातबारा आणि कुंभमेळा यांपैकी एकाशी जरी तुमचा संबंध असेल तर शेवटपर्यंत वाचा. नाशिककराचा एकाशी तरी असतोच.

एआयबद्दल सध्या दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. दुसरा म्हणतो, सगळे प्रश्न सुटणार. या गदारोळात एक अगदी साधी, कारकुनी वाटावी अशी गोष्ट राहून जाते. मला तिच्याबद्दल लिहायचंय, कारण तिचा इतिहास आपल्याच मातीत आहे आणि तिचा फटकाही आपल्यालाच बसणार आहे.

आधी गोष्ट काय ते सांगतो.

समजा निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मोबाइलवर बोलून विचारलं, "आज लासलगावला उन्हाळचा काय निघाला?" याचं उत्तर एआयच्या डोक्यात नसतं. आजचा भाव त्याला कुठून माहीत असणार? म्हणून त्याच्या हाताशी काही साधनं दिलेली असतात. एक साधन बाजारभाव आणतं, दुसरं हवामान, तिसरं योजनांची माहिती. ही साधनं म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम. प्रत्येकाला एक नाव असतं आणि नावाखाली तीन-चार ओळींचं वर्णन: हे साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, त्याला कोणती माहिती द्यावी लागते, उत्तर क्विंटलमध्ये येतं की किलोमध्ये.

एआय सहसा साधनाच्या पोटात डोकावून बघत नाही. त्याच्यासमोर त्या चार ओळी असतात. त्या वाचून तो ठरवतो की कुठलं साधन उचलायचं, त्याला काय विचारायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा. ओळी नीट असतील तर काम नीट होण्याची शक्यता वाढते. ओळी मोघम असतील तर तो अंदाज बांधतो, आणि अंदाजाने आलेलं उत्तरसुद्धा तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

म्हणजे शेतकरी आणि सरकारी माहिती यांच्या मधे आता चार ओळी उभ्या आहेत. त्या कुणी लिहिल्या, कुणी तपासल्या, कशा तपासल्या, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

आणखी एक उदाहरण घ्या. "माझा उतारा काढून दे." आपल्याकडे उतारा म्हणजे सातबारा असू शकतो, आठ अ असू शकतो, फेरफाराचा असू शकतो. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात तर सातबाराच्या जागी मालमत्ता पत्रक लागतं. त्यात महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर किंवा शासकीय कामाला तो चालत नाही. त्यासाठी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढावा लागतो. कागद दिसायला बरेचसे सारखे, किंमत मात्र वेगळी. आता दोन साधनं आहेत आणि दोन्हींच्या वर्णनात नुसतं "सातबारा उतारा मिळवा" एवढंच लिहिलंय, तर एआय कुठलं उचलेल? कुठलंही. आणि पीककर्जाच्या रांगेत उभ्या माणसाला ते खिडकीपाशी पोहोचल्यावर कळेल.

लिहिणारा एका ठिकाणी, वापरणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे फक्त लिहिलेले शब्द. हा पेच कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दख्खनचा शेतसारा कसा ठरवायचा हा प्रश्न कंपनी सरकारपुढे आला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. त्याची कल्पना कागदावर फार हुशारीची होती. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण शेतावर प्रत्यक्ष जाणारा माणूस हाताखालचा कारकून होता. कुठली जमीन कुठल्या वर्गात टाकायची, उत्पन्न किती धरायचं, खर्च किती मानायचा, हे सगळं त्याने ठरवायचं. हिशेब इतका गुंतागुंतीचा की चूक कुठे झाली ते वरच्याला कळायला मार्ग नव्हता. ती मोजणी फसली. आकारणी न पेलल्यामुळे इंदापूरसारख्या तालुक्यात लोक जमिनी टाकून गेले. इंग्रजी दप्तरात बराचसा दोष खालच्या देशी कारकुनांच्या माथी मारलेला दिसतो.

ही सवय ओळखीची वाटते ना? आज उत्तर चुकलं की "एआय चुकलं" म्हणतात. त्याच्या हातात काय लिहून दिलं होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

१८३५ मध्ये इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट ही नावं महसूल खात्यातल्या जुन्या माणसांना माहीत असतात. या मंडळींनी निव्वळ उत्पन्नाचा तो हिशेबच बाजूला ठेवला आणि मातीची प्रतबंदी करण्यासाठी लिखित नियम केले. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ते एकत्र मिळतात. मातीचे मुख्य प्रकार ठरवले. खोली हाताच्या मापात मोजायची. वरची प्रत सोळा आणे, तिथून खाली उतरत एकूण नऊ वर्ग. जमिनीला उतार आहे, चुनखडी मिसळलेली आहे, पाणी साचतं, असे दोष असतील तर प्रत्येकाला ठरलेली खूण, आणि एका दोषाला एक वर्ग खाली. शेताचे कागदावर चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वर्ग आणि खुणा लिहायच्या.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, "चांगली जमीन", "बरी जमीन" असले शब्द काढून टाकले. त्यांच्या जागी हाताने मोजता येईल आणि डोळ्याला दिसेल अशी खूण आली. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. कारकुनाने केलेली काही शेतं वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासायची, हा त्या पद्धतीचाच भाग होता. दोन माणसांनी तेच नियम वाचून तेच शेत पाहिलं आणि दोघांचे आणे वेगळे आले, तर एकतर माणूस चुकला किंवा नियम मोघम आहे. दोन्ही शक्यता उघड्या पडतात. नियम चांगले लिहिलेत की नाही, हे नियम वाचून ठरत नव्हतं. शेतावर ठरत होतं.

हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि आपल्या भागातही आली. नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला १८६९ मध्ये. त्याआधीचे इथले तालुके नगर आणि खानदेशात विभागलेले होते. आजही जुन्या महसुली कागदांत प्रतबंदीची नोंद भेटते.

विसाव्या शतकात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने गावच्या महसुली हिशेबांची नियमपुस्तिका तयार केली. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने १ ते २१ तिच्याशी जोडलेले आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंद, ६ म्हणजे फेरफार, ८ अ म्हणजे खातं. प्रत्येक नमुन्याला नंबर, प्रत्येक रकान्याला अर्थ, आणि कुठल्या नमुन्यातली माहिती कुठल्या नमुन्यात जाते याचा नियम. बदली होऊन आलेला तलाठी आधीच्याला न भेटताही दप्तर उघडून काम सुरू करू शकावा, यासाठी ही सगळी मांडणी. ती इतकी टिकली की "सातबारा" हा नमुन्यांचा आकडा आपल्या बोलीतला शब्द झाला. कर्ज फेडलं की आपण सातबारा कोरा झाला म्हणतो.

तिसरा टप्पा तर आपल्या गावातलाच आहे. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. तिथला विद्यार्थी म्हणजे दिवसा कंपनीत किंवा शेतात काम करणारा, रात्री पुस्तक उघडणारा. वर्गात हात वर करून "सर, कळलं नाही" म्हणायची सोय त्याला रोज नव्हती. म्हणून पुस्तकच असं लिहायचं की शिक्षक त्याच्या आत असेल. सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतःला तपासायचे प्रश्न, अवघड शब्दांचे अर्थ, शेवटी उत्तरं. ज्यांनी मुक्त विद्यापीठातून शिक्षण घेतलंय त्यांना ती रचना आठवत असेल. विषयातला तज्ज्ञ माणूस असं पुस्तक लिहू शकेलच याची खात्री नसते. तज्ज्ञाला जे उघड वाटतं ते तो लिहायचं विसरतो. पुस्तक बरं झालंय की नाही, ते विद्यार्थी कुठे अडतो त्यावरून कळतं.

कारकून, तलाठी, मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी. या रांगेत आता एआय येऊन उभा राहिला आहे. फरक एवढाच की कारकून अडला तर निदान गप्प तरी बसायचा, किंवा गावच्या पाटलाला विचारायचा.

कॉम्प्युटरच्या जगातही साधनांची वर्णनं पहिल्यापासून आहेत. युनिक्स या प्रणालीची पहिली छापील पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. प्रत्येक आज्ञेचं नाव, ती काय करते, कशी वापरायची, कुठे बिघडते. पण ती पुस्तिका माणसाने वाचायची होती. वाचून समजलं नाही तर तो करून बघायचा, शेजारच्या टेबलावर विचारायचा. म्हणून त्रोटक वर्णनं खपून जायची.

२०२३ मध्ये चित्र बदललं. त्या वर्षी जूनमध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलांना साधनांची वर्णनं देण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचं खुलं मानक आणलं. साधनांची यादी आणि वर्णनं एकाच ठरलेल्या साच्यात द्यायची, म्हणजे कुठलाही एआय ती वाचू शकेल. त्यानंतर अशा साधनांचा पूर आला. ज्याच्याकडे काही प्रोग्राम होता, त्याने त्याला चार ओळी चिकटवल्या आणि दुकान मांडलं.

मग प्रश्न आला तपासायचं कसं. इथे संशोधकांनी जे केलं त्यात मला विंगेटच्या तपासणीची आठवण येते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २०२४ पासून एक गुणतक्ता चालवला आहे. मॉडेलला प्रश्न आणि साधनांची वर्णनं द्यायची, त्याने कुठलं साधन बोलावलं आणि त्यात काय भरलं ते बघायचं. त्यात एक प्रकार मला फार आवडला: मुद्दाम असे प्रश्न की ज्यांना दिलेल्यापैकी एकही साधन लागू नाही. तिथे "हे माझ्याकडे नाही" असं म्हणणं हेच बरोबर उत्तर. आपल्या कितीतरी सरकारी खिडक्यांना हा पेपर द्यायला हवा.

जून २०२४ मध्ये सिएरा या कंपनीच्या संशोधकांनी दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. दुकानदारी आणि विमान तिकिटांची कामं एआयला दिली. त्या वेळच्या सर्वोत्तम मॉडेलांपैकी जीपीटी-४ओ सुद्धा निम्म्यापेक्षा कमी कामांत यशस्वी झालं. त्याहून महत्त्वाचं, तेच काम आठ वेळा देऊन आठही वेळा बरोबर येण्याचं प्रमाण दुकानदारीच्या कामांत पंचवीस टक्क्यांच्याही खाली होतं. मॉडेलं तेव्हापासून बरीच सुधारली आहेत. पण मोजण्याची ती रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकदा बरोबर आलं म्हणजे बरोबर, असं धरायचं नाही. सोमवारी विचारणाऱ्या शेतकऱ्याला एक उत्तर आणि मंगळवारी विचारणाऱ्याला दुसरं, हे चालणार नाही.

या चाचण्यांतला एक तोटाही सांगतो. त्या मुख्यतः मॉडेलची परीक्षा घेतात. वर्णनाची परीक्षा घ्यायची तर उलटं करावं लागतं. मॉडेल तेच ठेवायचं, प्रश्न तेच ठेवायचे, आणि फक्त चार ओळी बदलून बघायच्या. उत्तरं सुधारली तर दोष ओळींत होता. हे काम कुणीही करू शकतं, त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतात ते खरे प्रश्न. आणि खरे प्रश्न बंगळुरूच्या ऑफिसात बसून सुचत नाहीत.

आता आपल्या कांद्याकडे या.

केंद्र सरकारची ॲगमार्कनेट ही बाजारभावाची व्यवस्था २००० पासून आहे. राज्याचं कृषी पणन मंडळही रोजचे दर देतं. त्यात बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. मी बाजारभावाच्या बातम्या लिहिणारा माणूस. या रकान्यांत किती खड्डे आहेत ते सांगतो.

पहिला खड्डा: बाजाराचं नाव. लासलगाव वेगळं, लासलगाव-निफाड वेगळं, लासलगाव-विंचूर वेगळं. समिती एकच, आवारं तीन, दर तीन. "लासलगावचा भाव" विचारल्यावर कुठला द्यायचा हे वर्णनात लिहिलं नसेल तर यंत्र पहिला सापडेल तो देईल.

दुसरा: जात. उन्हाळी, लाल, पोळ, लोकल. एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळी दोन्ही बाजारात असू शकतात आणि दरात फरक असतो. शेतकरी "उन्हाळ" म्हणतो, रकान्यात "उन्हाळी" असतं. माणसाला हे सांगावं लागत नाही. साधनाच्या वर्णनात मात्र सांगावं लागतं.

तिसरा आणि सगळ्यात खोल: "सर्वसाधारण दर". इंग्रजीत याला मोडल प्राइस म्हणतात, म्हणजे ज्या दराने सर्वात जास्त माल विकला गेला तो दर. मराठीत "सर्वसाधारण" वाचून अनेकांना तो सरासरी वाटतो. समजा एके दिवशी कमीत कमी दर ६०० रुपये, जास्तीत जास्त २,२०० रुपये. दोन टोकांची सरासरी काढली तर १,४०० येते. पण बहुतेक ट्रॉल्या १,७०० ला गेल्या असतील तर सर्वसाधारण दर १,७०० असतो. उलटंही होऊ शकतं, एखादीच भारी ट्रॉली २,२०० ला गेलेली आणि बाकी सगळं हजाराच्या आसपास. अशा दिवशी एआयने जास्तीत जास्त दर उचलून "आज २,२०० भाव आहे" सांगितलं, तर माणूस पहाटे ट्रॅक्टर भरून निघतो. डिझेल, हमाली, दिवस, सगळं त्याच्या खिशातून. वर्णनात एकच ओळ हवी होती: "भाव विचारल्यास सर्वसाधारण दर सांगावा, सोबत किमान आणि कमाल द्यावा, एकक रुपये प्रति क्विंटल." ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं.

चौथा: तारीख. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अचानक कांदा निर्यातबंदी केली, दर घसरले आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. अशा दिवशी आजची नोंद नसली तर साधन काय देतं? कालचा दर देत असेल तर तो कालचा आहे हे सांगतं का? लिलावच झाले नाहीत आणि दर शून्य आहे, यातला फरक त्याला कळतो का? संकटाच्या दिवशी लोक सर्वात जास्त प्रश्न विचारतात, आणि वर्णनाची खरी परीक्षा त्याच दिवशी होते.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महाविस्तार हे एआयवर चालणारं ॲप शेतकऱ्यांसाठी आणलं. त्याच वर्षी जूनमध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर झालं, त्यासाठी पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटींची तरतूद जाहीर झाली. मराठीत बोलून सल्ला मिळावा ही कल्पना मला मनापासून आवडते. ज्याला टायपिंग जमत नाही त्याच्या हातात माहिती येणं, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच तिचा पाया तपासला जावा असं वाटतं.

दोन धोकेही नोंदवून ठेवतो.

एक, स्तुती. बाजारात "एक नंबर माल" असं ओरडणाऱ्याकडे गिऱ्हाईक वळतं, तसंच यंत्राचंही होतं. वर्णनात स्वतःची भलामण वाढवली की मॉडेल तेच साधन जास्त वेळा उचलतं, हे संशोधनात दिसून आलं आहे. उद्या खते-औषधं विकणाऱ्यांची साधनं अशा सहायकांना जोडली गेली, तर कुणाची ओळ जास्त गोड आहे यावर सल्ला ठरेल. दोन, विष. २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की वर्णनाच्या ओळींतच लपवलेल्या सूचना घालता येतात. वापरणाऱ्याला त्या दिसत नाहीत, यंत्र मात्र त्या वाचतं आणि पाळू शकतं. म्हणजे या चार ओळी कारकुनी काम म्हणून कुणाच्याही हाती सोडण्यासारख्या नाहीत.

आणि एक मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर माझंच म्हणणं एकांगी होईल. विंगेटचे नियम नीट लिहिलेले होते, तपासलेही जायचे. पण सोळा आण्याच्या जमिनीला सारा किती लावायचा, हे त्या नियमांत ठरत नव्हतं. ते वर ठरत होतं. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीत सारा वाढला. १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत लोकांचा राग सावकारांवर निघाला, पण वाढीव साऱ्याचा ताण हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. चांगलं वर्णन म्हणजे न्याय, असं होत नाही. भावच पडलेला असेल तर तो अचूक सांगून शेतकऱ्याचं पोट भरत नाही. पण चुकीचा भाव सांगून त्याचा दिवस बुडवण्याचा हक्क कुणाला नाही, एवढं तरी ठरवता येतं.

पुढची मोठी परीक्षा दारात आहे. २०२७ चा सिंहस्थ. गर्दी, वाहतूक, हरवलेली माणसं, सगळीकडे एआय वापरण्याची भाषा सुरू आहे. बाहेरून येणारा भाविक विचारणार, "स्नान कधी आहे?" प्रश्न सोपा वाटतो. २०१५ आठवा. पहिली दोन शाही स्नानं नाशिक आणि त्र्यंबकला एकाच दिवशी होती, २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबर. तिसरं मात्र नाशिकला १८ सप्टेंबरला झालं आणि त्र्यंबकेश्वरला २५ सप्टेंबरला. रामकुंडावर वैष्णव आखाडे, कुशावर्तावर शैव. ज्या साधनाच्या वर्णनात "ठिकाण विचारल्याशिवाय तारीख सांगू नये" ही ओळ नाही, ते एखाद्या म्हातारीला आठवडाभर आधी किंवा नंतर आणून सोडेल. इथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला हे माहीत आहे. ज्याने ओळी लिहिल्या त्याला माहीत आहे का, एवढाच प्रश्न.

म्हणून माझी मागणी तीन वाक्यांची आहे.

लोकांच्या पैशातून चालणाऱ्या प्रत्येक एआय सहायकाच्या साधनांची वर्णनं मराठीत जाहीर करा. ती ज्या प्रश्नांवर तपासली ते प्रश्न आणि त्यांचे निकाल जाहीर करा, नापास झालेले सुद्धा. आणि ते प्रश्न तयार करताना बाजार समितीतले मापारी, तलाठी, कृषी सहायक, आशाताई आणि सेतू केंद्रावरची पोरं यांना बसवा, कारण लोक नेमकं काय आणि कसं विचारतात हे त्यांना ठाऊक असतं.

मी माझ्यापरीने कांद्याच्या प्रश्नांची यादी करायला घेतली आहे. काही देतो.

"विंचूरला नेऊ का निफाडला?"
"मागच्या सोमवारी पिंपळगावला लाल काय गेला?"
"गोल्टीला काय भाव?"
"उद्या वाढंल का?" (साधनाकडे उत्तर नाही, तसं सांगायला हवं.)
"व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, काय करू?" (हा भावाचा प्रश्नच नाही, बाजार समितीकडे पाठवायला हवं.)
"द्राक्षाला काय चाललंय?" (आपल्याकडे द्राक्षाचे सौदे बरेचसे बागेतच होतात, समितीच्या आकड्यावरून सांगणं धोक्याचं.)

तुमच्या घरात, शिवारात, ऑफिसात लोक जे खरोखर विचारतात ते प्रश्न, ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत, खाली कमेंटमध्ये लिहा. शुद्धलेखनाची फिकीर करू नका, बोलीतच लिहा. शंभर प्रश्न जमले की यादी करून जिल्हा प्रशासनाला आणि कृषी विभागाला रीतसर अर्जासोबत देणार आहे. पोचपावतीचा फोटो इथेच टाकेन.